झोपेची गोळी उतरवताना : पंधरा दिवसांची चिठ्ठी आणि अकरा वर्षे

कृष्णाकाठ

मी एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. गेल्या वर्षीची एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या एक जुन्या पेशंट, वय ६८, रात्री न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. शहरातल्या एका रुग्णालयात प्लास्टर झाले आणि रक्तदाब वाढलेला दिसल्याने त्यांना ठेवून घेतले. दाखल करताना मुलाने बीपीची आणि थायरॉइडची गोळी सांगितली; आई रात्री घेते ती 'टेन्शनची छोटी गोळी' हेही औषधच आहे, हे त्याच्या डोक्यात आले नाही. तिसऱ्या रात्री बाईंचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली आहे असे त्या सांगू लागल्या. वयामुळे भ्रम झाला, असे वॉर्डात ठरले. मुलाने मला फोन केला तेव्हा मी एवढेच विचारले, की आईची रात्रीची गोळी चालू आहे ना?

ती गोळी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅमची होती. ती पुन्हा सुरू झाली आणि दोन दिवसांत मुंग्या गेल्या. घरी परतल्यावर बाई त्यांची फाइल घेऊन आल्या. सगळ्यांत तळाशी पहिली चिठ्ठी होती, यजमान गेल्यानंतरच्या आठवड्यातली. अक्षर माझेच होते : 'रात्री १, १५ दिवस'. त्या पंधरा दिवसांना अकरा वर्षे झाली होती. मधल्या काळात मी त्यांना निदान चाळीस वेळा तपासले असेल आणि प्रत्येक वेळी 'बाकीच्या गोळ्या चालू ठेवा' असे म्हणून पुढचा पेशंट बोलावला असेल.

त्यानंतर मी माझ्या पेशंटांपैकी अशी किती माणसे आहेत ते शोधायला बसलो आणि त्यांच्या गोळ्या हळूहळू उतरवण्याचे काम हाती घेतले. या कामात मला जे कळले ते येथे मांडतो. चुकत असेल तेथे जाणकारांनी सांगावे.

पहिली गोष्ट म्हणजे ही माणसे व्यसनी नाहीत. ती डोस वाढवत नाहीत, गोळीसाठी खोटे बोलत नाहीत, सांगितले तेवढेच घेतात. त्यांच्या शरीराला गोळीची सवय झाली आहे आणि ती सवय आम्ही लावली आहे. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन आवर घालण्याचे काम करते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम या एकाच कुळातल्या गोळ्या तो आवर वाढवतात. बाहेरून आवर मिळत राहिला, की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि स्वतःचा आवर सैल करतो. गोळी अचानक काढली म्हणजे दोन्हीकडचा आवर एकदम सुटतो. मग धडधड, कंप, घाम, रात्रभर टक्क जाग, आणि काही जणांना चक्क फिट येते. म्हणून एकच नियम आधी लिहून ठेवतो : महिनोन्महिने रोज घेतलेली ही गोळी एकदम बंद करू नये, आणि कमी करायची तीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावी.

दुसरी गोष्ट पाव गोळीच्या हिशोबाची. या बाईंना मी ०.२५ च्या दोन गोळ्या करून दिल्या आणि दर तीन आठवड्यांनी त्यातली पाव गोळी, म्हणजे ०.०६२५ मिलिग्रॅम, कमी करत गेलो. दिसायला पायऱ्या सारख्या आहेत, पण शरीराला त्या सारख्या नसतात. ०.५ वरून पाव गोळी काढली तर आठवा हिस्सा जातो, ०.२५ वरून तेवढीच काढली तर चौथा हिस्सा जातो आणि ०.१२५ वरून काढली तर निम्मा डोस जातो. आम्ही मात्र उलटे वागतो. 'आता काय, अर्धीच तर राहिली आहे, सोडून द्या' असे शेवटी म्हणतो आणि नेमके तेथेच माणूस कोसळतो. बाई ०.१२५ वर आठ आठवडे थांबल्या आणि शेवटच्या पाव गोळीवर सहा. मध्ये नातवाच्या लग्नासाठी महिनाभर काहीच हलवले नाही. एकूण आठ महिने लागले.

रांगडा_गडी

डॉक्टर, आपला अनुभव मोलाचा आहे, पण एवढे आठ महिने लावण्याची खरोखर गरज असते का? माझे काका दहा वर्षे झोपेची गोळी घेत होते. एके दिवशी त्यांनी गोळ्यांचा पत्ता कचऱ्यात टाकला, चार रात्री तळमळले आणि सुटले. मनाचा निग्रह असला की पुरे. शिवाय अश्वगंधा सुरू केले तर गोळीची आठवणही राहत नाही, असे आमच्याकडे बरेच जण सांगतात.

कृष्णाकाठ

आपले काका सुखरूप सुटले याचा आनंद आहे. काही जण तसे सुटतात हेही खरे आहे. डोस किती, किती वर्षे, गोळी अंगातून किती लवकर उतरते आणि माणसाचा पिंड कसा, यांवर ते अवलंबून असते. अडचण अशी, की कोण सुटेल आणि कोणाला फिट येईल हे आधी ओळखता येत नाही. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकूनही एखादा खाली सुखरूप पोहोचतो. म्हणून आपण दुसऱ्याला तसा सल्ला देत नाही. निग्रहाबद्दल म्हणाल, तर या बाईंनी पतीमागे शेती सांभाळून दोन मुलांची शिक्षणे केली. निग्रहात त्या माझ्याहून चार पावले पुढे आहेत.

अश्वगंधाविषयी माझे म्हणणे इतकेच, की उतरवण्याच्या काळात नवे काहीही सुरू करू नये, मग ते कोणत्याही पॅथीचे असो. रात्री जाग आली तर ती कशामुळे आणि झोप लागली तर ती कशामुळे, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

मेडिकलवाला

तीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो, तेव्हा काउंटरच्या या बाजूचेही ऐकावे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची एक कडक यादी, लागू झाली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोपेचे झोलपिडेम, वेदनाशामक ट्रामाडोल ही औषधे त्यात आहेत. डॉक्टरांचे नाव-पत्ता, पेशंटचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून ते रजिस्टर तीन वर्षे ठेवावे लागते. प्रत्यक्षात काय होते? घडी पडून चार तुकडे झालेली दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन आजोबा येतात. नाही म्हटले तर डोळ्यांत पाणी आणतात, आणि दिली तर नियम मोडतो. मीही सगळ्या वेळी नाही म्हणालेलो नाही, हे कबूल करतो.

डॉक्टरांच्या लिखाणात एक मुद्दा राहिला आहे. पुष्कळ लोकांना आपण झोपेची गोळी घेतो हे ठाऊकच नसते, कारण ती जोडगोळीत लपलेली असते. 'डिप्रेशनची गोळी' म्हणून घेतात त्यात एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम असते. 'धडधडीची गोळी' म्हणून घेतात त्यात प्रोप्रानोलॉलबरोबर क्लोनाझेपाम किंवा एटिझोलाम असते. 'पोटाची गोळी' म्हणून जेवणाआधी वर्षानुवर्षे घेतात त्यात क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असते, आणि तेही याच कुळातले. पोट बरे वाटते म्हणून एके दिवशी ती सोडतात, दोन-तीन दिवसांनी अस्वस्थ होतात आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे जातात. पत्त्याच्या मागे बारीक अक्षरात सगळे छापलेले असते. घरातल्या चष्मेवाल्यांनी एकदा भिंग घेऊन वाचावे.

आणखी एक सांगतो. नावापुढे एसआर, ईआर किंवा सीआर असलेली गोळी कापू नये. ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कापली तर औषध एकदम अंगात उतरू शकते.

लेक_साताऱ्याची

मेडिकलवाले काका, आपला प्रतिसाद वाचून मी आईला फोन करून पत्ता वाचायला लावला. एस्सिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५, दोन्ही एकाच गोळीत! बाबांच्या आजारपणात सुरू झालेली ही गोळी आता सहा वर्षे चालू आहे. आईला ती सोडायची आहे आणि गेल्या महिन्यात तिने स्वतःच्या मनाने 'एक दिवसाआड' घ्यायला सुरुवात केली आहे. ती म्हणते, एक दिवस बरा जातो आणि एक दिवस डोके भणभणते. हे योग्य आहे का?

कृष्णाकाठ

ताई, एक दिवसाआड हा प्रकार आपल्याकडे फार दिसतो आणि तो फसवा आहे. उतरवताना रोजचा डोस लहान करायचा असतो. दिवस गाळायचे नसतात. एक दिवस पूर्ण डोस आणि एक दिवस शून्य, असे केले तर शरीर दर दोन दिवसांनी नव्याने गोळी सुटल्याचा त्रास भोगते. अल्प्राझोलामचे तर रक्तातले प्रमाण सुमारे अकरा तासांतच निम्मे होते, त्यामुळे तिथे हा प्रकार आणखी वाईट. क्लोनाझेपाम अंगात जास्त काळ राहते, म्हणून आईंचे निभावले असावे.

त्यांच्या डॉक्टरांना भेटून जोडगोळी आधी सोडवून घ्यावी, म्हणजे एस्सिटालोप्राम वेगळे आणि क्लोनाझेपाम वेगळे. नाहीतर जोडगोळी अर्धी केली की दोन्ही औषधे अर्धी होतात, आणि त्रास झाला तर तो कुणामुळे हे कळायला मार्ग उरत नाही. सामान्यतः एका वेळी एकच औषध हलवावे. एस्सिटालोप्राम आहे तसे ठेवून क्लोनाझेपाम उतरवतात, पण आईंचा मूळ आजार पाहून हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यावा.

न्यूकॅसलकर

मी इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट आहे आणि योगायोगाने ज्या शहरात हा विषय सर्वांत गांभीर्याने हाताळला गेला तेथेच राहतो. या कुळातली पहिली गोळी, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये बाजारात आली आणि डायझेपाम १९६३ मध्ये. पुढची वीस वर्षे ती इतकी वाटली गेली, की १९८२ मध्ये येथील प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांना केवळ या गोळ्या सोडवण्यासाठी वेगळे क्लिनिक काढावे लागले. ते १९९४ पर्यंत चालले. त्यांचे २०१९ मध्ये निधन झाले, पण त्यांनी बसवलेली घडी अजून मोडलेली नाही : लवकर उतरणाऱ्या गोळीवरून सावकाश उतरणाऱ्या डायझेपामवर टप्प्याटप्प्याने जायचे आणि मग दर एक-दोन आठवड्यांनी डोसाचा साधारण दहावा हिस्सा कमी करायचा. वेग डॉक्टरांनी नव्हे, तर पेशंटने ठरवायचा, यावर त्या ठाम होत्या. त्यांच्या कोष्टकात अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम म्हणजे डायझेपाम सुमारे १० मिलिग्रॅम धरलेले आहे. ०.५ हा आकडा दिसायला इवलासा असल्याने लोकच काय, डॉक्टरसुद्धा फसतात.

कृष्णाकाठ, आपण त्या बाईंना डायझेपामवर का नेले नाही, हे जाणून घ्यायला आवडेल.

कृष्णाकाठ

प्रश्न रास्त आहे. चाळिशीतल्या माणसाला मी डायझेपामवर नेतो, कारण २ मिलिग्रॅमच्या गोळीचे अर्धे करून बारीक पायऱ्या मिळतात. पण डायझेपाम वयस्कर शरीरात साठत जाते. आधीच एकदा न्हाणीघरात पडलेल्या ६८ वर्षांच्या बाईला दिवसा गुंगी आणणारे औषध देण्याचे धाडस मला झाले नाही. कदाचित एखादा मनोविकारतज्ज्ञ वेगळे ठरवील. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी एकत्र येऊन जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत सुरुवात ५ ते १० टक्क्यांनी, दर दोन ते चार आठवड्यांनी करावी आणि कोणत्याही दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे म्हटले आहे. पाव गोळीच्या हिशोबात माझी शेवटची पावले याहून मोठी पडली, म्हणूनच तेथे थांबे लांबवले.

रात्रपाळी

मी या धाग्यातला पेशंट. छापखान्यात रात्रपाळी करत असे. दिवसा झोप येईना म्हणून क्लोनाझेपाम सुरू झाले आणि सहा वर्षांत १ मिलिग्रॅमवर स्थिरावले. ते उतरवायला मला चौदा महिने लागले.

त्रास कसा असतो ते सांगतो, कारण 'अस्वस्थता' या शब्दाने काही कळत नाही. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी माझ्या कवटीच्या आत वाजत असे. ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येई. जिभेवर दिवसभर तांब्याच्या भांड्याची चव. बायको प्रेमाने पाठीवरून हात फिरवायची तर कातडीला चरका बसल्यासारखे होई, आणि मी हात झटकला की तिला वाईट वाटे. हे सगळे गोळी कमी केल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होई आणि दहाव्या-बाराव्या दिवशी विरत जाई. हे वेळापत्रक वहीत लिहून ठेवल्यामुळे मी टिकलो. डोस, झोपेचे तास, त्रासाला दहापैकी गुण, इतकेच लिहीत असे. तिसऱ्या वेळी त्रास सुरू झाला तेव्हा मागची पाने उलटून बायकोच म्हणाली, की शुक्रवारपर्यंत कळ काढा, शुक्रवारी कमी होते तुमचे. आणि तसेच झाले.

०.२५ वर मी अडकलो. तीनदा पुढे गेलो आणि तीनदा मागे आलो. चौथ्यांदा डॉक्टर म्हणाले, आता मागेही नको आणि पुढेही नको, आहे तेथेच दोन महिने राहू. ते दोन महिने मला हरल्यासारखे वाटले होते; आज वही पाहताना दिसते, की त्याच दोन महिन्यांत झोप परत आली. झोपेसाठी मानसशास्त्रज्ञांनी दिलेला उपाय विचित्र होता. रात्री बारा ते सकाळी सहा एवढाच वेळ अंथरुणात, झोप लागो न लागो सहाला उठायचेच, आणि जाग आली तर पडून न राहता खुर्चीत जाऊन बसायचे. पहिले पंधरा दिवस त्यांना मनातल्या मनात फार शिव्या दिल्या.

पारिजात

मला एक नाजूक प्रश्न विचारायचा आहे. माझ्या सासूबाईंना झोपेच्या गोळीवरून डॉक्टरांनी 'व्यसनमुक्ती केंद्रात दाखवून या' असे सांगितले. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. 'मी काय दारू पिते का?' एवढेच म्हणत राहिल्या. खरोखर केंद्रातच जावे लागते का? त्यांना गुडघ्यांसाठी ट्रामाडोलही दीड वर्षापासून चालू आहे.

कृष्णाकाठ

पारिजात ताई, सासूबाईंचे दुखणे मी समजू शकतो. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी या क्षेत्रात केलेले काम मोठे आहे आणि तेथे जाण्यात कमीपणा काहीच नाही. पण सांगितले तेवढेच औषध घेणाऱ्या बाईला घरी राहून, मनोविकारतज्ज्ञांच्या किंवा फॅमिली डॉक्टरांच्या देखरेखीखालीही उतरवता येते. पूर्वी फिट आलेली असेल, डोस फार मोठा असेल किंवा जोडीला दारू असेल, तर मात्र दाखल होऊनच करावे. जवळपास कोणी नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

ट्रामाडोलचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण ही जोडी मला अधिक चिंतेची वाटते. ट्रामाडोल अफूच्या जातकुळीसारखे काम करते. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले आहे. ते आणि झोपेची गोळी एकत्र घेतल्यास श्वास मंदावू शकतो, आणि ट्रामाडोलमुळे मुळातच फिट येण्याचा धोका थोडा वाढतो. दोन्ही एकदम कमी करायला घेऊ नका. कोणते आधी, हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावे. वर्षाहून जास्त काळ घेतलेल्या अशा वेदनाशामकासाठी महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश, असा वेग सध्या सुचवला जातो. गुडघ्यांच्या दुखण्याची दुसरी सोय मात्र आधी करावी. दुखणे तसेच ठेवून गोळी तेवढी काढणे हा निव्वळ छळ आहे.

मेडिकलवाला

ट्रामाडोलवरून आठवले. क्षयाचे औषध सुरू झालेल्या माणसाकडेही लक्ष ठेवावे. त्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे यकृत अल्प्राझोलाम आणि डायझेपाम फार झपाट्याने बाहेर टाकते. माणूस गोळी रोज घेत असतो, पण अंगात ती उरत नाही. माझा एक गिऱ्हाईक 'टीबीच्या गोळ्यांनी वेड लागते' म्हणून ते औषध सोडायला निघाला होता. मी त्याला डॉक्टरांकडे परत पाठवले.

लेक_साताऱ्याची

तीन महिन्यांनी लिहिते आहे. आईच्या डॉक्टरांनी जोडगोळी सोडवून दिली. ते आधी किंचित नाराज झाले, पण आईने सहा वर्षांची फाइल पुढे ठेवल्यावर म्हणाले, 'हे मी आधीच पाहायला हवे होते.' क्लोनाझेपाम आता ०.३७५ वर आहे. गोळीकटरने पावाचे तुकडे सारखे होत नाहीत म्हणून आई वैतागते. मोठा तुकडा सोमवारी आणि लहान रविवारी, असा तिने स्वतःच नियम लावला आहे, कारण रविवारी मी घरी असते. पहाटे चारला जाग येते. तेव्हा ती अंगण झाडते, आणि गल्लीतली कुत्री भुंकून बाकीच्यांना उठवतात. याबद्दल शेजारच्या काकूंची तक्रार आली आहे.

कृष्णाकाठ

काकूंची समजूत काढता येईल. ०.३७५ वर आईंना बरे वाटत असेल तरच पुढचे पाऊल टाकावे. तारीख आली म्हणून टाकू नये. मोठा आणि लहान तुकडा आठवडाभर आलटूनपालटून घेतले तर चढउतार आणखी कमी होईल.

माझ्याकडचे सांगतो. कॅनडात ६५ वर्षांवरच्या ३०३ लोकांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या लोकांना गोळीचे धोके आणि उतरवण्याची पद्धत सांगणारी एक पुस्तिका दिली होती, बाकी काही नाही. सहा महिन्यांत पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांची गोळी सुटली. न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. मी मराठीत एक पान छापून टेबलावर ठेवले आहे, आणि लोक ते घडी करून खिशात घालून नेतात. शिवाय एक रबरी शिक्का करून घेतला आहे : 'ही गोळी दि. ____ रोजी थांबवायची आहे. त्याआधी भेटावे.' नवी चिठ्ठी लिहितानाच तारीख भरतो.

मेडिकलवाला

डॉक्टर, शिक्का चिठ्ठीच्या तळाशी मारू नका. लोक तेवढी पट्टी फाडून आणतात. औषधाच्या नावावरूनच मारा, पण नाव वाचता येईल अशा बेताने.